पाच टक्के वाटून संपवू नका

येत्या ग्रामसभेला गेलात तर उभं राहून सरपंचांना एवढंच विचारा : आपल्या ग्रामपंचायतीचा दिव्यांगांसाठीचा पाच टक्के निधी गेल्या वर्षी किती झाला आणि तो कशावर खर्च झाला?

ग्रामपंचायतीला घरपट्टी, पाणीपट्टी, जागाभाडं असं जे स्वतःचं उत्पन्न होतं, त्यातले ५ टक्के गावातल्या दिव्यांगांसाठी खर्च करणं महाराष्ट्रात बंधनकारक आहे. आधी हे प्रमाण ३ टक्के होतं. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला, त्यानंतर ते ५ वर गेलं. यासाठी कोणाच्या दारात जावं लागत नाही, मंत्रालयात फाइल घेऊन फिरावं लागत नाही. पैसा आपल्याच घरपट्टीचा आणि खर्च करणारी ग्रामपंचायतही आपलीच. आपल्या रायगडात खांब-देवकान्हे विभागापासून कोलाडपर्यंत आणि इकडे सुकेळी खिंड ओलांडून ऐनघर, वाकण, नागोठणे करत पेण तालुक्यापर्यंत, मुंबई-गोवा महामार्गाच्या दोन्ही अंगांना जेवढ्या ग्रामपंचायती आहेत, त्या प्रत्येकीच्या हिशेबवहीत हा पैसा आहे किंवा असायला हवा.

त्याचं होतं काय, तेही आपल्याला माहीत आहे. मार्च संपत आला की नाहीतर दिवाळीच्या तोंडावर यादी निघते. कित्येक गावांत हजार-दोन हजारांचे धनादेश वाटले जातात, एखाद्या वर्षी ब्लँकेटं, एखाद्या वर्षी आणखी काही. फोटो निघतो आणि विषय वर्षभरासाठी मिटतो. धनादेश वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्याला महिन्याची औषधं घ्यावी लागतात त्याला दोन हजारही मोठे असतात. पण याच यादीत काही नावं अशी आहेत, ज्यांच्या हातात धनादेश देऊन काहीच घडत नाही. धनादेश वडील घेतात, बँकेत वडीलच भरतात, आणि ज्याच्या नावाने तो निघाला तो मुलगा काल जिथे बसला होता तिथेच, ओट्यावर, आजही बसलेला असतो. मी लिहितोय ते त्याच्यासाठी.

तुमच्या गावात तो आहेच. पालखीच्या पुढे निशाण धरायला सगळ्यांच्या आधी हजर असतो. कोणाच्या लग्नात पंगतीला पाणी वाढतो. हंगामात पोपटी लागली की मडक्यात भांबुर्डीचा पाला तोच भरतो आणि शेंगा शिजेपर्यंत जागचा हलत नाही. गाव त्याला भोळा म्हणतं, देवाचं लेकरू म्हणतं, टपरीवर चहा पाजतं. या मायेवर मला बोट ठेवायचं नाही, शहरात तेवढीही मिळत नाही. पण त्याला विचारा, तुझी जन्मतारीख काय? त्यालाही सांगता येत नाही आणि आपल्यालाही. दुसरीनंतर तो शाळेत गेलेला नाही. चाळीस रुपयांची वस्तू घेऊन पन्नासाची नोट दिली तर परत किती यायला हवेत, हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. शिकला असता का? माझं उत्तर हो असं आहे, आणि ते का, ते पुढे सांगतो.

त्याच वयाची मुलगी मात्र तुम्हाला दिसत नाही. ती आहे, पण दाराच्या आत. लावणीला, मळणीला आई बाहेर पडणार असेल तर एकतर घरात म्हातारं माणूस हवं, नाहीतर बाहेरून कडी. कडी लावून जाणाऱ्या आईला नावं ठेवायला आपण सगळे पुढे असतो. कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात होतं म्हणून या पट्ट्यात मजुरी वर्षातून दोनदा मिळते, आणि या घरांत ती दोन्ही वेळा बुडते. मूल सांभाळायला एक कमावता हात कायमचा घरात अडकतो आणि तो हात नेहमी आईचाच असतो. कातकरी वाड्यांवर तर याहून वेगळी तऱ्हा. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर निघालं की हे मूलही तिकडे जातं. त्याचा दाखला नसतो, नोंद नसते, कुठल्याच यादीत नाव नसतं. पाच टक्क्यांच्या यादीतही.

यादीचं म्हणाल तर आकडे पाहा. जगभरात साधारण शंभरात एकाला बौद्धिक अक्षमता असते. त्या हिशेबाने २०११ साली १२१ कोटींच्या या देशात १ कोटी २० लाखांच्या आसपास माणसं मिळायला हवी होती. जनगणनेत नोंद झाली सुमारे १५ लाखांची. शंभरातला एक हा आकडा कोणाला जास्त वाटत असेल तर अर्धा धरा, तरी चारांतले तीन गणलेच गेले नाहीत असं निघतं. गणती करणारा दाराशी आला तेव्हा घरातल्यांनी सांगितलं नाही, किंवा त्याने विचारलं नाही, किंवा दोघांनाही वाटलं की हे कशाला नोंदवायचं. हजार वस्तीच्या गावात आठ-दहा माणसं असावीत. आपापल्या गावातली मनात मोजून पाहा. तीन आठवतील. उरलेल्यांची घरं शोधावी लागतील.

आता शिकण्याची गोष्ट. बौद्धिक अक्षमता असलेल्यांपैकी ८५ टक्क्यांच्या आसपास सौम्य गटात मोडतात. सौम्य म्हणजे काय? तर शिकवलं, आणि त्यांच्या गतीने शिकवलं, तर ही माणसं स्वतःचं सगळं आवरतात, भाजी चिरतात, भात लावतात, एसटीने ठरलेल्या ठिकाणी जाऊन परत येतात, मजुरीचे पैसे मोजून घेतात. मध्यम गटातले सोबत कोणी असेल तर काम करतात आणि चांगलं करतात, कारण एकच काम शंभर वेळा करायचा त्यांना कंटाळा येत नाही. पण हे शिकणं वेळेत सुरू व्हावं लागतं आणि चालू राहावं लागतं. जन्मताच रडायला उशीर झालेलं बाळ, नवव्या दिवशीही कावीळ न उतरलेलं बाळ, वर्षाचं झालं तरी न बसणारं बाळ, अडीच वर्षांनंतरही हाक मारली तर न बघणारं बाळ, ही अंगणवाडीत दिसणारी मुलं आहेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतं. जन्मजात थायरॉइडची कमतरता तर रक्ताच्या काही थेंबांत कळते, आणि पहिल्या काही आठवड्यांत गोळी सुरू झाली तर पुढचं नुकसान बरंचसं टळतं. आपल्याकडे त्या आठवड्यांत बाळ भगताकडे नेलं जातं. अंगारा लावायला माझी हरकत नाही, तो लावून मग दवाखान्यात जा.

चालू राहण्याबद्दल जास्त बोलायला हवं, कारण घोडं तिथेच अडतं. माझ्या ओळखीच्या एका घरातला मुलगा आठव्या वर्षी शहरातल्या विशेष शाळेत जाऊ लागला. वडील कारखान्यात कंत्राटी कामावर, रिक्षावाल्याला महिन्याचे पैसे ठरवून दिलेले. तीन वर्षांत तो स्वतः दात घासू लागला, डब्यातली पोळी शेजारच्याला देऊ लागला, शौचाला जायचं आधी सांगू लागला. हे शेवटचं किती मोठं आहे, हे ज्या घरात बारा वर्षांच्या मुलाचे कपडे दिवसातून चारदा धुवावे लागतात त्यांनाच कळेल. मग वडिलांचं कंत्राट संपलं आणि रिक्षा बंद झाली. वर्षभराने मी गेलो तेव्हा तो पुन्हा सांगेनासा झाला होता. करोनाच्या दोन वर्षांत शाळा बंद पडल्या तेव्हा हेच घराघरांत झालं. आपल्या इतर मुलांचे पाढे मागे पडले, या मुलांचं जेवणं, बोलणं, झोपणं मागे गेलं. त्या मुलाला शाळेत जागा होती. शिक्षिका तयार होत्या. फीचाही प्रश्न नव्हता. त्याला पोहोचवणारं चाक नव्हतं.

खांबहून पेणला जायचं म्हणजे एका बाजूचे तीस-पस्तीस किलोमीटर. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे, त्यावर मी वेगळं काही लिहायला नको. दहा वर्षांच्या मुलाला, ज्याला मोठ्या आवाजाचा त्रास होतो, त्या धुळीतून रोज दोन तास न्यायचं कोणी? एसटीत दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, पण सवलतीच्या एसटीत आईला रोज सोबत बसावं लागतं. ती बसली की मजुरी गेलीच.

पेणमध्ये काम करणारी माणसं आहेत. सुहित जीवन ट्रस्ट, आई डे केअर यांसारख्या संस्था विशेष मुलांना घेऊन कित्येक वर्षं उभ्या आहेत. दिवाळीआधी मुलांनी रंगवलेल्या पणत्या आपल्यातल्या काहींनी विकतही घेतल्या असतील. त्या घेताना आपण कौतुक करतो आणि घरी येतो. कौतुक पुरे, आता त्यांना आपल्याकडे बोलवायला हवं. अभ्यासक्रम आपण बसून तयार करायचा नाही. मुंबईच्या जय वकील संस्थेने, जी १९४४ साली एका आईवडिलांनी स्वतःच्या मुलीसाठी सुरू केली, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी अभ्यासक्रम बांधला, आणि ‘दिशा अभियान’ या नावाने तो शासनाने राज्यातल्या विशेष शाळांत नेला आहे. पुस्तकं मराठीत आहेत. शिकवायचं काय, हे ठरलेलं आहे. ते आपल्या पंचक्रोशीत आणणारी गाडी, एक खोली आणि दोन माणसं एवढंच हवं आहे.

मी मागतोय ते सरळ सांगतो. पाच टक्के निधी वाटून संपवू नका. त्यातला निम्मा वैयक्तिक मदतीला राहू द्या. अंध, अस्थिव्यंग, कर्णबधिर बांधवांचा त्यावर तेवढाच हक्क आहे आणि त्यांच्या ताटातलं काढून कोणाला देणं मला मान्य नाही. उरलेला निम्मा शेजारच्या ग्रामपंचायतींनी आपापल्या ठरावाने एकाच सामूहिक कामाला लावावा : खांबसारख्या महामार्गावरच्या, दोन्ही बाजूंच्या गावांना जवळ पडणाऱ्या ठिकाणी दिवसभराचं केंद्र आणि मुलांना आणणारी-पोहोचवणारी गाडी.

हिशेब करून बघू. समजा, एका ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न ८ लाख आहे. पाच टक्के म्हणजे ४० हजार. गावात दाखला असलेले २० जण, तर वाट्याला दोन-दोन हजार. आता अशा दहा ग्रामपंचायती घ्या आणि प्रत्येकीचा निम्मा भाग, वीस हजार, बाजूला काढा. दोन लाख झाले. दोन लाखांत केंद्र चालत नाही, हे मलाही कळतं. पण वर्षभराच्या गाडीचा बराचसा खर्च त्यातून उचलला जातो. ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत कारखाने आहेत त्यांचं उत्पन्न आठ लाखांवर थांबत नाही, त्यांचे पाच टक्के याहून कितीतरी मोठे. आणि मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्याने नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्च करावे लागतात. विशेष शिक्षण त्या यादीत स्पष्ट लिहिलेलं आहे. धाटावची औद्योगिक वसाहत आपल्या उशाला आहे, नागोठण्याचा प्रकल्प आहे, पेणकडे डोलवीचा कारखाना आहे. या कंपन्यांकडे आपण दरवर्षी कमान मागायला जातो, मंडळाच्या वर्गणीला जातो, क्रिकेटच्या टी-शर्टाला जातो. एकदा दहा ग्रामपंचायतींचे ठराव हातात घेऊन शिक्षिकेच्या पगाराला जाऊ. ‘आम्ही आमचा वाटा टाकलाय, तुमचा टाका’ असं म्हणत जाणाऱ्याला साहेब खुर्ची देतात.

खोली कुठून आणायची? पटसंख्या घटून जिल्हा परिषदेच्या शाळांचे वर्ग ओस पडताहेत. एखादा मिळू शकतो. शाळेच्याच आवारात मिळाला तर फार बरं, कारण मधल्या सुट्टीत इतर मुलं डोकावतील, चिडवतील, मग खेळतील. चिडवणं सुटत नसेल तर मोठ्यांसाठी कायदाही आहे. दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद २०१६ च्या कायद्यात आहे. तो वापरायची वेळ येऊ नये. पण नाक्यावर बसून ‘ए येड्या’ अशी हाळी देणाऱ्यांनी तो एकदा वाचावा.

आणि केंद्रात अठराच्या पुढच्यांना जागा हवीच. विशेष शाळा अठरापर्यंत सांभाळते, मोफत शिक्षणाचा हक्कही सहा ते अठरा वर्षांपर्यंतच आहे. नंतर काय? या प्रश्नाने पालकांची झोप उडते. आपल्या भागात कामाला तोटा नाही. पेणचे गणपती रंगवायला हात लागतात, पेणच्या पापडाला हात लागतात, खोक्यात भरायला, चिकटपट्टी लावायला, पिशवीत माती भरून रोपं लावायला हात लागतात. एका कामाचे लहान लहान तुकडे करून ज्याला जो जमतो तो द्यायचा, हे सुताराला आणि मूर्तिकाराला आपण शिकवायला नको. त्यांनी आम्हाला शिकवावं. महिन्याच्या शेवटी त्याच्या हातात त्याने कमावलेले पाचशे रुपये पडले तर घरातलं त्याचं स्थान बदलतं, हे मी पाहिलं आहे. त्याला विचारून भाजी आणली जाते.

‘एवढा व्याप कशाला, कुठल्यातरी आश्रमात सोय करा’ असं सांगणारे भेटतात. भल्या मनाने सांगतात. त्यांना तीन ठिकाणांची आठवण करून द्यावी लागते. २०१० साली शहापूर तालुक्यातल्या कवडासच्या आश्रमात मतिमंद मुलांचे उपासमारीने बळी गेल्याचं उघडकीस आलं आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. २०११ साली आपल्याच जिल्ह्यात, पनवेलजवळच्या कळंबोलीत, अशाच एका आश्रमातल्या मुलींवरचे अत्याचार बाहेर आले. २०१३ साली मुंबईच्या सत्र न्यायालयाने दोषींना शिक्षा सुनावल्या. त्या मुलींना सांगता येत नव्हतं, आणि ऐकायला नात्याचं, गावचं कोणी तिथे फिरकत नव्हतं. त्याआधी १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली गेली, तेव्हा राज्यभर वादळ उठलं होतं. स्वच्छतेचं कारण दिलं गेलं. पाळीच्या दिवसांत मुलीला कसं सांभाळायचं, हे शिकवण्यापेक्षा शस्त्रक्रिया सोपी वाटली. पुढे २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वेगळ्या प्रकरणात स्पष्ट केलं की सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रीचा गर्भपात तिच्या संमतीविना करता येणार नाही. निकाल लागायला एवढी वर्षं गेली. घराघरांत तो अजून पोहोचायचा आहे.

सगळे आश्रम तसे नाहीत, हे लिहिलं नाही तर अन्याय होईल. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या मुलांना स्वतःचं आडनाव दिलं, आणि अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून दिव्यांग अनाथांना संस्थेबाहेर काढू नका, त्यासाठी कायदा करा, हे मागणं ते वर्षानुवर्षं लावून धरून आहेत. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बदलापूरचं ‘आधार’, डोंबिवलीजवळ खोणीचं ‘घरकुल’ ही पालकांनी एकत्र येऊन उभी केलेली ठिकाणं. तिथे पालकांचा डोळा आहे, म्हणून विश्वास आहे. मला आपल्याकडे हाच डोळा हवा आहे. मुलगी संध्याकाळी घरी येते, तिच्या अंगावरचा वळ आईला दिसतो, गाडीचा चालक कोणाचा कोण हे गावाला ठाऊक असतं. यापेक्षा चांगली राखण मला माहीत नाही.

केंद्र होईल तेव्हा होईल. कागदाचं काम मात्र उद्यापासून करता येतं, आणि त्यात पैसे लागत नाहीत. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, नसेल तर काढा. त्यासाठी अलिबागला जिल्हा रुग्णालयाच्या फेऱ्या माराव्या लागतात, म्हणून ग्रामपंचायतींनी मिळून तपासणीचं शिबिर आपल्याकडे मागावं. मानसशास्त्रज्ञ सोबत हवा, नाहीतर बुद्ध्यांकाची चाचणीच होत नाही आणि लोक तसेच परत जातात. मुलांचा दाखला ५, १० आणि १८ व्या वर्षी नवा करावा लागतो, त्यानंतर कायमचा मिळतो. मधली तारीख चुकली की योजना बंद पडते. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ विमा योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी आहे. वर्षाला १ लाखापर्यंतचा खर्च मिळतो, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, आणि थेरपीचे पैसेही त्यात येतात. किती घरांनी ती काढली आहे, हे आशाताईंनी एकदा विचारून यावं.

अठरा पूर्ण झाली की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. बँक सही मागते, जमिनीच्या वाटणीत तलाठी विचारतो, आणि घरच्यांच्या लक्षात येतं की आपल्याकडे कागदच नाही. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती पालकत्व देते, वकिलाशिवाय अर्ज करता येतो. शिक्षक, ग्रामसेवक, पोलीस, रेल्वे अशा नोकरीतून निवृत्त झालेल्यांनी आणखी एक करावं : आपल्यामागे आपल्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. नाव जिवंतपणी नोंदवून ठेवलं तर सोपं जातं, मागे राहिलेला भाऊ नोंदवायला गेला तर जोडे झिजतात. आणि अठरा झालेल्याचं नाव मतदार यादीत घाला. न्यायालयाने मानसिकदृष्ट्या असमर्थ ठरवल्याशिवाय त्याचा मताचा हक्क जात नाही. ग्रामपंचायतीचा उमेदवार एका मतासाठी किती लवून नमस्कार करतो, हे त्यालाही एकदा बघू द्या.

‘ठराव केला तरी वरून मान्यता मिळणार नाही’ ही शंका ग्रामसेवक काढतीलच. निधीतून वैयक्तिक लाभाप्रमाणे सामूहिक कामावरही खर्च करता येतो. अनेक ग्रामपंचायतींनी एका कामाला पैसे कसे द्यायचे, हिशेब कोणी ठेवायचा, गाडी भाड्याने की संस्थेमार्फत, हे गटविकास अधिकारी आणि जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडून लेखी विचारून घ्यावं. तोंडी ‘बघू’ घेऊन येऊ नये. २०२२ च्या डिसेंबरपासून राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग आहे. खाली उत्तर मिळालं नाही तर तिथे लिहावं. अडचणी येतील. पहिल्या वर्षी कदाचित तीनच ग्रामपंचायती तयार होतील. तीन तर तीन, एका छोट्या गाडीत आठ मुलं बसतात.

मुंबईला असलेल्या चाकरमान्यांकडेही माझं मागणं आहे. गणपतीला, होळीला तुम्ही येता, मंदिराच्या जीर्णोद्धाराला सढळ हाताने देता. गावाच्या मुंबई मंडळाची पुढची बैठक होईल तेव्हा हा विषय घ्या. तुमच्यात फिजिओथेरपिस्ट असतील, स्पीच थेरपिस्ट असतील, विशेष शिक्षणाची पदविका केलेल्या सुना-लेकी असतील. महिन्यातून एक शनिवार द्या. पनवेल-दिवा मार्गावरची गाडी रोह्यापर्यंत येते.

आता काम वाटून घेऊ. २ ऑक्टोबरपासून ग्रामपंचायतीच्या पुढच्या वर्षाच्या आराखड्याची मोहीम सुरू होते आणि २६ जानेवारीपर्यंत बहुतेक ठिकाणी सगळं ठरून जातं; मार्चमध्ये आरडाओरडा करून उपयोग नसतो. ग्रामसभेआधी महिला सभा होते. आयांनी तिथे बोलावं, मुलाला सोबत घेऊन यावं, तो मध्येच ओरडला तर ओरडू द्यावा. ग्रामसभेत ठराव मांडणारा आणि अनुमोदन देणारा आधीच ठरवा, आणि दोघांपैकी एकाच्या घरी असं मूल नसेल तर जास्त बरं. अर्ज साध्या कागदावर चालतो : मागच्या तीन वर्षांचा पाच टक्के निधी किती, कोणाला दिला, शिल्लक किती, आणि पुढच्या वर्षीचा निम्मा सामूहिक केंद्राला व गाडीला राखून ठेवावा ही मागणी. खाली जेवढ्या सह्या मिळतील तेवढ्या. ज्याच्यासाठी अर्ज आहे त्याला नाव काढता येत असेल तर त्याची सही सगळ्यांत वर, नसेल तर अंगठा. दोन प्रती काढा, एक ग्रामपंचायतीत द्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका.